श्वास पुसायचं बटण

ग्रानलिडेन,
शुक्रवार, १९ सप्टेंबर

प्रिय एल्वी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो, कुणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत, मायवोर तर जरा जास्तच. पाकिटाला एवढी चिकटपट्टी गुंडाळलीय ती तिच्यामुळेच. टपालपेटीपर्यंत पत्र तीच नेणार, आणि बंद पाकीट दिसलं की माझ्या या बहिणीच्या हातांना कशी खाज सुटते ते तुला माहीत आहे. सातवीत असताना शाळेतून माझी तक्रार आली होती, ती तिनं किटलीच्या वाफेवर धरून उघडली आणि आईला तोंडपाठ म्हणून दाखवली. आता बाई बहात्तर वर्षांची आहे, म्हणजे हात आणखीच बसला असणार.

तू शेवटचं पान आधी वाचशील हेही मला ठाऊक आहे. खुनी कोण ते आधी बघून मग कादंबरी सुरू करणारी तू! या वेळी कृपा करून तसं करू नकोस. मी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला बसलोय, तर ती तशीच ऐकून घे. तीन आठवडे झाले, सोमवारी सकाळी तुझा आवाजी निरोप येत नाही. मी कपात चीजचे तुकडे टाकतो (हो, कॉफीच्या आधी, तुझ्या हुकमाप्रमाणे), वरून कॉफी ओततो, फोन साखरेच्या भांड्याला टेकवून उभा करतो आणि बसतो. पहिल्या सोमवारी वाटलं, सर्दी झाली असेल. दुसऱ्या सोमवारी वाटलं, फोन समुद्रात पडला असेल. तिसऱ्या सोमवारी मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, नको तर नको, आमचं काय अडलंय! आणि मग कॉफी तशीच थंड होऊ दिली. काल गुरुवारी दुपारी मला खरं कारण कळलं, आणि तेव्हापासून मी घरात एकटाच हसतोय आणि मधूनच डोळे पुसतोय. बाहेरून कुणी पाहिलं तर म्हणेल, हिल्डिंगचं डोकं कामातून गेलं.

तू एकदा विचारलं होतंस, तुझ्यासारख्या तोंडाला कुलूप लावलेल्या माणसानं पॉडकास्ट सुरू तरी कसा केला, आणि मी हवापाण्यावर घसरलो होतो. आता सांगतो. चव्वेचाळीस वर्षं मी बर्फ सारायची गाडी चालवली. पुढं पांढरा रस्ता, मागं पांढरा रस्ता, आणि गाडीत बोलणारा एकटा रेडिओ. रेडिओचं मला फार बरं वाटायचं, कारण त्याला उत्तर द्यावं लागत नाही. निवृत्त झालो आणि घरात बसलो, तर लक्षात आलं की चव्वेचाळीस वर्षांत ऐकलेलं सगळं आत साठलंय आणि आता ते बाहेर येऊ बघतंय. त्याच हिवाळ्यात वाचनालयात अभ्यासमंडळ निघालं, 'घरच्या घरी आपला कार्यक्रम करा' म्हणून. आम्ही सात जण होतो. त्यातल्या दोघी विणकामाच्या मंडळाऐवजी चुकून या खोलीत आल्या होत्या आणि कॉफी चांगली म्हणून टिकल्या. त्यांच्यामुळे मी हातमोजेही विणायला शिकलो, एकाच हिवाळ्यात दोन विद्या.

कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'लाकूडफाटा'. पहिल्या भागात बावीस मिनिटं मी फक्त बर्चची लाकडं कशी रचायची ते सांगितलं. साल वर की साल खाली, यावर तर सहा मिनिटं. चार जणांनी ऐकलं, त्यातला एक मीच. मायवोरनं ऐकलं आणि म्हणाली, "लाकडांचं ठीक आहे रे, पण मध्ये मध्ये ती गाय कुठली उसासे टाकतेय?" ती गाय म्हणजे मी. बोलायची सवय नसल्यामुळे दर वाक्याला मला छाती भरून श्वास लागायचा. ही गाय लक्षात ठेव, पुढं तिनंच सगळा घोळ घातलाय.

आवाज बंदिस्त हवा म्हणून मी आमच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोलीत दुकान मांडलं. चारी बाजूंनी लाकूड, खिडकी एवढीशी, भिंतींवर आईच्या जुन्या गोधड्या टांगल्या. वरच्या बाकावर यंत्र, खालच्या बाकावर मी. शनिवार हा अंघोळीचा वार, तेव्हा शुक्रवारी सगळं बाहेर काढायचं असा नियम. एप्रिलमध्ये एका शुक्रवारी मी विसरलो. मायवोरनं शनिवारी नेहमीप्रमाणे शेगडी पेटवली आणि तासाभरानं अंगणातून ओरडली, "हिल्डिंग, तुझा तो सोटा चांगला शिजलाय, मीठ आण!" मायक्रोफोनवरचं स्पंजचं टोपरं वितळून बाकाला चिकटलं होतं, अजून तिथंच आहे. नवा मायक्रोफोन येईपर्यंत दोन भाग मी गाडीत बसून केले. श्रोते तोवर एकोणीस झाले होते. आपल्या माणसांना काय, दुसऱ्याची फजिती झाली की कान टवकारतात.

आणि मग मे महिन्यात तुझा निरोप आला. सत्तेचाळीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि तोही भांडणाचा! कॉफीतल्या चीजवर मी एक अख्खा भाग केला होता, त्यात म्हणालो की चीज कॉफी ओतल्यावर टाकायचं. त्यावर तुझी ती तीन मिनिटांची सरबत्ती, "अरे, तुझी आई ऐकत असती तर कान उपटला असता तुझा! आधी चीज, मग कॉफी. गाव सोडून मी आले आणि रीत तू विसरलास?" मी तो निरोप किती वेळा ऐकला ते विचारू नकोस. पुढच्या गुरुवारी तो कार्यक्रमात लावला, आणि गावात जो काही हल्लकल्लोळ झाला! रूने दुकानात मला अडवून म्हणाला, "लेका, ही एल्वी म्हणजे आपली एल्वी? नाल्यापलीकडची?" मी मान हलवली. तो म्हणाला, "तिला दर आठवड्याला घे. तुझी लाकडं ऐकून झोप येते."

असं करत तू आठवड्याची झालीस, सोमवारी सकाळी तुझा निरोप, मग फोनवर गप्पा, आणि गुरुवारी ते सगळं कार्यक्रमात. 'मालमोहून एल्वी' सुरू झाल्यावर श्रोते एकोणिसाचे त्रेसष्ट झाले. ते त्रेसष्ट काही माझ्या आवाजावर भाळलेले नाहीत, हे समजण्याइतकी अक्कल मला आहे. तुझी ती सासूची गोष्ट तर मायवोर अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. तू लग्न होऊन नवी नवी तिकडं गेलीस, सासू काहीही विचारायची, आणि तू आपल्या गावच्या रीतीनं ओठांचा चंबू करून श्वास आत ओढायचीस, श्शुप्, म्हणजे 'हो'. आणखी केक घेतेस का? श्शुप्. थंडी वाजते का? श्शुप्. तिसऱ्या दिवशी त्या माउलीनं डॉक्टरला बोलावलं, की सुनेला दमा आहे आणि आपल्या लेकानं, बोर्येनं, ते लपवून ठेवलंय! त्या भागाच्या शेवटी तू म्हणालीस, "इथं 'हो' म्हणतात ते कोर्टात साक्ष दिल्यासारखं, मोठ्यानं. मलाही आता तसंच म्हणायची सवय झालीय. बोर्ये गेल्यापासून सहा वर्षांत मला गावाची आठवण येते ती झाडांची नाही, नदीची नाही, त्या आत ओढलेल्या 'हो'ची." तुझं तेवढं बोलणं मी नंतर दोनदा पुन्हा लावून ऐकलं होतं. तुला ते कधी सांगितलं नाही.

आता त्या गायीकडे येतो. जूनमध्ये अभ्यासमंडळात शिकवलं की संगणकात एक बटण असतं. ते दाबलं की बोलण्यातले सगळे श्वास आपोआप पुसले जातात आणि आवाज धुतल्यासारखा स्वच्छ होतो. मला तर सोन्याची खाणच सापडली. मायवोरची गाय एका बोटानं गप्प! तेव्हापासून प्रत्येक भाग तयार झाला की मी शेवटी ते बटण दाबायचो आणि पाठवून द्यायचो. पुन्हा ऐकायचो नाही, कारण स्वतःचा आवाज दोनदा ऐकायचं धाडस माझ्यात नाही. जुलैमध्ये रूनेला घेऊन मूस हरणांच्या शिकारीवर भाग केला. शिकार मंडळाचा प्रमुख तो, चाळीस वर्षांचा अनुभव, आणि माझ्या शेजारी बसून छान बोलला. भाग गेला त्यानंतर मात्र पठ्ठ्या माझ्याशी बोलेनासा झाला. मला वाटलं, शिकारीतलं काही गुपित फुटलं असेल. एकदा नुसतं म्हणाला, "मला मुका करून ठेवलंस ना, बघतो तुला." मला काही उलगडा झाला नाही, आणि मी विचारलंही नाही. आपल्याकडे विचारतात कुठं!

तूही फोनवर मध्येच म्हणायचीस, "हिल्डिंग, ऐकतोयस ना? आहेस ना तिथं?" मला मनातून राग यायचा. म्हटलं, मी इथं दर वाक्याला होकार देतोय आणि ही बाई विचारते आहेस का!

मग पंचवीस ऑगस्टचं ते बोलणं. बोलता बोलता अळंबीचा विषय निघाला. मी सांगत होतो की यंदा पिवळी अळंबी अशी फुटलीय की रूने माझ्या गाडीच्या मागं मागं फिरतोय, आणि मी गाडी मुद्दाम भलतीकडे उभी करून उलटा चालत जातो. तू खूप हसलीस. मग जरा थांबलीस. आणि मग तू विचारलंस, "हिल्डिंग, मी या पानगळीला तिकडं आले, तर तुझी जागा दाखवशील मला?"

अगं, आपण काय विचारतोय हे तुला कळत होतं ना? कळत होतंच. ग्रानलिडेनमध्ये वाढलेल्या कुणालाही कळतं. अळंबीची जागा बाप मुलाला सांगतो, तीही अंथरुणाला खिळल्यावर. मायवोर माझी सख्खी बहीण, पन्नास वर्षं माग काढतेय, पण तिला ती जागा माहीत नाही. रूनेनं बायकोला आपली जागा दाखवली ती लग्नानंतर बारा वर्षांनी, तिसरं मूल झाल्यावर, आणि गाव म्हणालं, जरा घाईच केली. आणि तू त्रेसष्ट माणसांसमोर सरळ विचारून मोकळी झालीस! माझ्या छातीत असं काही धडधडलं की मला वाटलं तेही यंत्रात उतरणार.

मी उत्तर दिलं. एल्वी, मी त्याच क्षणी उत्तर दिलं. मग तू म्हणालीस, "बरं. असो." आणि तिकडचा पाऊस वगैरे सांगून फोन ठेवलास. मला वाटलं, लाजलीस. माझं म्हणशील तर मी सौनातून बाहेर आलो आणि उड्या मारायच्याच बाकी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या खोलीतला पसारा उपसला. सगळ्या खिडक्या धुतल्या, दोन्ही बाजूंनी. खोलीला पिवळा रंग दिला, लोण्याचा असतो तसा. नवी गादी मागवली. पायऱ्यांना कठडा बसवला, कारण तुझ्या कमरेचं ऑपरेशन मी विसरलेलो नाही. हातमोज्यांचा एक जोड विणायला घेतला, तुझ्या मापाचा, म्हणजे मला आठवतं त्या मापाचा. भाग अठ्ठावीसला गेला. आता ही कुठल्या तारखेला येतेय ते सोमवारी कळेल म्हणून मी कॉफी ओतून बसलो.

सोमवार कोरडा गेला, ते वर लिहिलंच आहे. पण नुसती तू नाही गं, सगळं गावच माझ्यावर उलटलं. दुकानात कॉफी मिळे, पण सोबतचा बन नाही. विणकामाच्या दोघी मला बघून रस्ता ओलांडत. सप्टेंबरात शिकार सुरू झाली, तर रूनेनं जागा वाटताना मला दलदलीकाठची जागा दिली. तिथं माझ्या आठवणीत एकदाही मूस आलेलं नाही, डास मात्र येतात. चार दिवस मी तिथं बुडावर ओल घेऊन बसलो. आणि मायवोर! गुरुवारच्या वाटाण्याच्या सूपानंतर ती मला करपलेला पॅनकेक वाढू लागली. कुणी एक शब्द बोलेना. सत्तर वर्षं या लोकांत काढली, तरी कशाबद्दल बोलत नाहीत हे ओळखायला अजून जमत नाही.

काल तिसऱ्या गुरुवारी माझा संयम संपला. मी तो काळा पॅनकेक उचलून दिव्यासमोर धरला आणि म्हणालो, "हे काय आहे?" झालं, बांध फुटला. मायवोर डाव घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. "काय आहे? तुझ्या लायकीचं आहे! त्या पोरीनं सगळ्या गावासमोर मन उघडं केलं आणि तू ढिम्म! दगड बरा तुझ्यापेक्षा! ती तिकडं रडत असेल आणि हा इथं खिडक्या पुसतोय!" सदुसष्ट वर्षांची तू, आणि तिच्यासाठी अजून पोर. मी म्हणालो, "अगं पण मी हो म्हटलं." ती म्हणाली, "कधी म्हटलंस?" मी म्हणालो, "तिथल्या तिथं." ती म्हणाली, "आण तुझं ते यंत्र."

आणलं. सूपाच्या भांड्याशेजारी ठेवून लावलं. तुझा प्रश्न आला, स्पष्ट, प्रत्येक शब्द. मग काहीच नाही. चार सेकंद पूर्ण शांतता. मग तुझं ते "बरं. असो." आणि लगेच वर (तुझा पाऊस मी कापला होता) माझं अकॉर्डियन, टणाटण, कार्यक्रम संपल्याचं! असा निर्लज्ज शेवट मी जन्मात ऐकला नव्हता.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मूळ ध्वनिमुद्रण शोधलं, बटण दाबायच्या आधीचं. तुझा प्रश्न आला, आणि त्याच्यामागून एक अर्धा सेकंदही न जाता, श्शुप्! एवढा मोठा, एवढा खणखणीत, की मायवोरच्या हातातला डाव खाली पडला. आमच्या घराण्यात एवढ्या मोठ्यानं होकार कुणी दिला नसेल, आजोबांनी लग्नात चर्चमध्येसुद्धा नाही. बटणानं तो श्वास समजून पुसला होता. आपल्या गावचा 'हो' त्या बटणाला कळत नाही. ज्यानं ते बनवलं त्याला ग्रानलिडेन कुठं ठाऊक असणार!

मायवोर बसली, पुन्हा उठली, म्हणाली, "पण तिनं तर तेव्हाच्या तेव्हा फोनवर ऐकलं असेल ना?" लगेच प्रयोग. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात, मी सौनात, आणि मी दहा वेळा श्शुप् केलं. दर वेळी ती खिडकीतून ओरडायची, "काही नाही! परत! काही नाही! परत!" दहापैकी शून्य. फोनलाही तोच आजार आहे, श्वास आला की तो खरखर समजून गाळून टाकतो. म्हणजे मे महिन्यापासून मी तुला हजार वेळा हो म्हटलं आणि तू एकदाही ऐकलं नाहीस. म्हणून ते "आहेस ना तिथं?" आणि मी मूर्ख मनात चिडत होतो. रूनेलाही बोलावलं आणि त्याचं मूळ ध्वनिमुद्रण ऐकवलं. मी त्याला अकरा प्रश्न असे विचारले होते की ज्यांचं उत्तर 'हो'. अकराच्या अकरा वेळा बटणानं त्याला मुका केला होता. तो हसून हसून खोकला, तीन पॅनकेक खाल्ले (करपलेले नव्हते, मायवोरनं नवे घातले) आणि जाताना म्हणाला, "उद्यापासून तुला टेकडीवरची जागा. आणि तू हे इथं मला काय सांगत बसलायस, तिला सांग!"

त्यानंतर मी वरच्या पिवळ्या खोलीत जाऊन बसलो आणि मला दुसरंच काही आठवलं. जून महिना, दुधाचे कॅन ठेवायच्या ओट्याशेजारचा बसथांबा, सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा. तू परिचारिकेच्या शिक्षणाला मालमोला निघालेलीस, निळा कोट, गुडघ्यावर पेटी. बस सुरू झालेली. ती जुनी बस, थांबली तरी अंगातून भूकंप जावा अशी धडधडणारी. तू खिडकीची काच खाली ओढलीस आणि ओरडून विचारलंस, "हिल्डिंग, येशील ना मागून?" आठवतं? तुला आठवत असणारच. मी बुटांकडे बघत उभा होतो, बावीस वर्षांचा धटिंगण, लाजेनं मान वर होत नव्हती. बस गेली. मग मी तुझा पत्ता येईल म्हणून वाट बघितली. पत्ता आला नाही. मनाशी म्हटलं, शहरात गेली, विसरली. चार वर्षांनी मायवोरला तुझ्या लग्नाचं बोलावणं आलं. त्या आठवड्यात मी इतका बर्फ सारला की वरिष्ठांनी विचारलं, बाबा रे, रस्त्यावर अजून काही उरलंय का?

एल्वी, मी तेव्हाही हो म्हटलं होतं. बुटांकडे बघून, आपल्या पद्धतीनं, आत. बसच्या त्या धडधडीत ते माझं मलाच ऐकू आलं नाही, तुला कुठून येणार! काल दुपारपर्यंत, सत्तेचाळीस वर्षं, मी हेच धरून बसलो होतो की मी उत्तर दिलं आणि तू विसरलीस. आणि तू काय धरून बसली असशील, ते मला काल पहिल्यांदा सुचलं. यात रडण्यासारखं आहे थोडं, मी रडलोही थोडा. पण बोर्ये भला माणूस होता, तुझी मुलगी भली आहे, आणि बर्फाची गाडी मला मनापासून आवडायची. त्यातलं काही मला परत द्यायचं नाही. मला फक्त या वेळी बसच्या आवाजात हरवायचं नाही.

म्हणून हे पत्र. फोन नको, निरोप नको, कार्यक्रम तर नकोच. कागदावरचं कुठल्या बटणाला पुसता येत नाही. तू विचारलं होतंस, जागा दाखवशील का. हो. शाईनं लिहितोय, आणि मायवोरनं पाकीट उघडलंच असेल तर तिनंही वाचावं: हो. सोबत घडी घातलेला कागद आहे, त्यावर नकाशा आहे. हा या जागेचा पहिलाच नकाशा, बाबांनीही कधी काढला नव्हता. पण तो करवतीच्या जुन्या कारखान्यापर्यंतच आहे, पुढची दोनशे पावलं मी स्वतः दाखवीन. पहिलं दव गोठायला अजून दहा-बारा दिवस आहेत, आणि उशीर झालाच तर काळ्या देठाची अळंबी गोठल्यावरही निघते, तेव्हा घाई करू नकोस, पण कर. गावाला आता वसंतापासून विजेवरची बस येते, दुपारी सव्वादोनला, त्याच थांब्यावर. उभी असते तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू येईल, मी आज दुपारी मुद्दाम जाऊन बघून आलो. उतरायच्या आधी खिडकीतून एकदा विचार मला, काहीही विचार. मी बुटांकडे बघणार नाही.

तुझाच, तेव्हापासून,
हिल्डिंग